दोघांचं नाटक आणि मुलांचं नाटक, दोन्ही कसं जमवता?

रंगवेडी:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतेय. आम्ही दोघं लग्नाआधीपासून नाटकवाले, सिनेमा राहिला तरी चालेल पण चांगला प्रयोग चुकवायचा नाही असं होतं. मुलं झाल्यावर ते जवळपास थांबलंच. आता मुलगी सहा वर्षांची आहे, धाकटा तीनचा. नवरा म्हणतो की आता चौघं मिळून जाऊ, मुलांना लहानपणापासूनच गोडी लागली पाहिजे. ते मला पटतं, पण माझा जीव अडकलाय आमच्या दोघांच्या नाटकात. शेजारी बसून दोन-अडीच तास एक शब्द बोलायचा नाही आणि बाहेर पडल्यापासून घरी पोचेपर्यंत वाद घालायचा की नायिकेने शेवटी दार उघडं ठेवलं ते मुद्दाम की घाईत, हे मला परत हवंय. मुलं सोबत असली की माझं अर्धं लक्ष शू लागली का, कंटाळली का यातच जातं. तुम्ही काय करता? आणि तीन वर्षांचं पोर नाटकाला न्यावं का?

मधलीरांग:
रंगवेडी ताई, दोन्ही वेगवेगळं ठेवा, सरळ सांगतो. तुमचं दोघांचं नाटक ही चैन नाहीये, ते बंद पडू देऊ नका. मुलांना कोणाकडे तरी सोपवा आणि जा. आमच्याकडे बायको नाटक डोळ्यांनी बघते, मी कानांनी. तिला खुर्ची कुठल्या अंकात कुठे सरकली ते आठवतं, मला नटाने कुठे श्वास घेतला ते, आणि घरी येऊन दोघांचं जोडलं की नाटक पूर्ण होतं. एवढी वर्षं एकत्र राहूनही ती एखाद्या प्रसंगाला का रडली हे मला ओळखता येत नाही, विचारावं लागतं, आणि त्या विचारण्यातूनच आमच्या खऱ्या गप्पा होतात.

मुलांचं म्हणाल तर एकच सांगेन, नाटक संपल्या संपल्या "आवडलं का, काय शिकलास" असं विचारू नका. त्यांचं त्यांना मुरू द्या. आमची लेक बालनाट्य बघून आली आणि रात्रभर गप्प, आम्हाला वाटलं कंटाळली असेल. दुसऱ्या दिवशी ओढणी घेऊन पडद्यामागे उभी राहिली आणि मी खोलीत शिरलो तर मला म्हणते, "बाबा थांब, अजून दिवे गेले नाहीत, मी अजून आले नाहीये." एन्ट्री म्हणजे काय ते तिला कळलं होतं, आम्ही कोणी सांगितलं नव्हतं.

विंगेतला:
मी नाटकांचं प्रकाश आणि ध्वनीचं काम करतो त्यामुळे माझं उत्तर जरा बॅकस्टेजचं. लहान मुलांना पहिली रांग घेऊ नका, स्टेज उंच असेल तर त्यांना फक्त कठडा आणि नटांचे गुडघ्यावरचे भाग दिसतात. पाच-सहा रांगा मागे, कडेची सीट घ्या म्हणजे उठून जाता येतं. मुलं घाबरतात ती बहुतेक वेळा अंधाराला आणि अचानक येणाऱ्या आवाजाला, गोष्टीला नाही. म्हणून आधीच सांगून ठेवा की आता दिवे जाणार, आणि ब्लॅकआउटमध्ये स्टेजवर बारीक चमकणारे ठिपके शोधायला सांगा. नटांना अंधारात आपली जागा सापडावी म्हणून आम्ही चमकणाऱ्या टेपचे तुकडे चिकटवतो. ते ठिपके दिसले की मुलाला वाटतं आपल्याला एक गुपित कळलंय, मग भीती राहत नाही.

आवाजाचं तर अजूनच मस्त आहे. रेकॉर्डिंग नव्हतं तेव्हा ढगांचा गडगडाट म्हणजे टांगलेला मोठा पत्रा हलवायचा, वारा म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या ढोलावर ताणलेलं कापड आणि तो ढोल हँडलने फिरवायचा, पाऊस म्हणजे पेटीत वाटाणे घोळवायचे. पाऊस घरी करून बघा, डब्यात मूठभर वाटाणे पुरतात. मुलगी डबा हलवेल आणि धाकटा छत्री घेऊन चालेल, झालं नाटक.

बाहुल्यांचा खेळ असेल तर जरूर न्या. जपानच्या बुनराकूमध्ये एका मुख्य बाहुलीला तीन माणसं चालवतात, बहुतेक वेळा मुख्य कलाकाराचा चेहरा उघडाच असतो आणि बाकीचे दोघं काळा बुरखा घालून असतात. सगळं डोळ्यांसमोर चालतं आणि तरी थोड्या वेळाने माणसं दिसेनाशी होतात, बाहुलीच उरते. मुलांना त्याचं अजिबात नवल वाटत नाही, ती पहिल्या मिनिटापासून बाहुलीशीच बोलतात.

उभाप्रेक्षक:
मधलीरांग, अर्धंच पटलं. मुलांना फक्त बालनाट्यच का? आम्ही दोघं मुलाला मोठ्यांच्या नाटकांनाही नेतो, विषय बघून. सगळं कळायलाच पाहिजे असं काही नाही, माणसं एकमेकांशी कशी बोलतात, कधी गप्प बसतात हे त्याला दिसतं. आणि प्रेक्षकाने अंधारात चिडीचूप बसायचं ही पद्धत तशी अलीकडचीच आहे. शेक्सपिअरच्या काळात ग्लोबमध्ये (१५९९ चं थिएटर) लोक उघड्या आकाशाखाली अंगणात उभे राहून, खात-पीत, ओरडत नाटक बघायचे. जर्मनीत बायरॉइटला १८७६ मध्ये संगीतकार वाग्नरने आपल्या ऑपेरांसाठी प्रेक्षागृहात अंधार केला तेव्हा लोकांना ते नवीन होतं. त्यामुळे मूल मध्येच मोठ्याने हसलं किंवा "तो मागे आहे!" असं ओरडलं तर मला ते गैर वाटत नाही. मोबाईल चालू करणारे मोठे लोक जास्त त्रास देतात.

विंगेतला:
मोबाईलबद्दल +१. अंधारात खालून उजळलेला एक चेहरा स्टेजवरून लगेच दिसतो आणि नटाचं लक्ष उडतं.

निळीछत्री:
माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, त्यामुळे मी थोडं वेगळं सांगते. काही ठिकाणी रिलॅक्स्ड प्रयोग असतात, हे खूप पालकांना माहीतच नसतं. त्यात हॉलमधले दिवे पूर्ण घालवत नाहीत, मोठे आवाज कमी करतात, उठून फिरायला, आवाज करायला परवानगी असते आणि बाहेर एक शांत खोली ठेवलेली असते. बऱ्याचदा आधी फोटोंची एक गोष्ट पाठवतात, दार कुठलं, बसायचं कुठे, गोष्टीत कोण कोण येणार. आम्ही ती आठवडाभर आधी रोज बघत होतो. एरवी मला सतत आजूबाजूच्या लोकांच्या नजरा जाणवतात, तिथे पहिल्यांदाच मी स्टेजकडे बघितलं. नवरा आणि मी दोघांनी एकाच वेळी, मुलासोबत बसून नाटक बघितलं. मूल ऑटिस्टिक नसलं तरी तीन वर्षांच्या पोराला अशा प्रयोगाला नेऊन बघा, तिथे कोणी "शूऽऽ" करत नाही. शिवाय अगदी लहानांसाठीही खास नाटकं असतात, अर्ध्या-पाऊण तासाची, मुलं जमिनीवर गोल करून बसतात, शब्द जवळजवळ नसतातच. लहान मुलांच्या रंगभूमीसाठी असितेज ही आंतरराष्ट्रीय संस्था १९६५ पासून आहे आणि २० मार्च हा बालरंगभूमीचा जागतिक दिवस असतो, त्या सुमारास जवळपास काही आहे का ते बघा.

रंगवेडी:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. नवऱ्याला वाचून दाखवलं, त्याला निळीछत्रीचं जास्त पटलं आणि मला मधलीरांगचं 😊 ठरलं असं की पुढचं मोठं नाटक आम्ही दोघंच, आणि मुलांसाठी आधी घरात वाटाण्यांचा पाऊस, मग एखादं छोटं बाहुलीनाट्य. फक्त एक अडचण आहे, धाकटा मुखवट्यांना फार घाबरतो. त्याचं काय करू?

विंगेतला:
साधा कागदी मुखवटा आधी त्याच्या हातात द्या, मागून-पुढून बघू दे, रंगवू दे. मग त्याच्यासमोरच तुम्ही लावा, आतून बोला आणि लगेच काढा, त्याने "परत" म्हणेपर्यंत पुढे जाऊ नका. आणि प्रयोगाला जाणार असाल तर आयोजकांना आधीच विचारून ठेवा, प्रयोग संपल्यावर कलाकार मेकअप उतरवायच्या आत भेटू देतील का. बहुतेक जण आनंदाने भेटतात, मुखवटा हातात घेऊन खाली बसतात.