मान आणि उजवा हात दुखतोय, करंगळी बधिर – नाशकात आधी कोणाला दाखवू?

नमस्कार मंडळी,

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, गंगापूर रोडला रूम करून राहतो. प्रोजेक्ट, त्याचा रिपोर्ट आणि प्लेसमेंटची तयारी, असा दोन महिने रोज आठ-नऊ तास लॅपटॉप चालू आहे. रूमवर टेबल एकच, तेही रूममेटचं. मी आपला लोखंडी कॉटवर, मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप.

आधी नुसती मान अवघडायची. बाम चोळून झोपलं की सकाळी ठीक. आता खांद्यापासून कोपरापर्यंत ठणकतं, करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. परवा टपरीवर चहाचा ग्लास धरला, बाकी बोटं भाजली आणि करंगळीला पत्ताच नाही! तेव्हा टरकली.

आई म्हणते मोबाईल कमी कर. (आईकडे सगळ्यावर हेच औषध.) एक सीनियर म्हणाला कार्पल टनेल (मनगटात नस दबते तो त्रास) आहे, मनगटाला पट्टा बांध. आठ दिवस बांधला, ढिम्म फरक नाही. हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊ की थेट फिजिओथेरपीला? बजेट विद्यार्थ्याचं आहे. आणि टेबलाशिवाय बसायचं कसं?

प्रतिसाद:
पट्ट्याने फरक पडणारच नव्हता. कार्पल टनेलमध्ये अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू धरते, करंगळी सुटते. करंगळीची नस कोपराच्या आतल्या बाजूने जाते, कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात तीच. कोपर टेकवून किंवा फार दुमडून बसलं की दबते. मानेतूनही दबू शकते, ते तपासल्याशिवाय कळणार नाही. बधिरपणा आलाय तर मालिश, मान मोडून घेणं असले प्रकार नकोत. आधी हाडांचे डॉक्टर. लागली तर ते एनसीव्ही, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ती तपासणी सांगतील, फिजिओ त्यानंतर. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला सकाळी लवकर जा, रांग असते पण खिशाला झेपेल.

बसायचं म्हणशील तर साधा यूएसबी कीबोर्ड-माऊस घे आणि लॅपटॉप जाड पुस्तकांवर चढव. नुसता लॅपटॉप उंच केलास तर कीबोर्डही वर जातो, मग खांदे धरतात. दर अर्ध्या तासाला ऊठ.

प्रतिसाद (धागाकर्ता):
धन्यवाद दादा, उद्याच सिव्हिलला जातो. आणि ते कोपराचं... तुमचा प्रतिसाद वाचत होतो तेव्हाही उजवं कोपर कॉटच्या लोखंडी दांडीवरच होतं.