अनुभव सांगा: कितव्या पानावर धीर सुटला?

नेरूळची (धागाकर्ती)
गेल्या पावसाळ्यात साडेसहाशे पानांची एक कादंबरी वाचली. नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर सगळा धागा त्या एकाच पुस्तकाभोवती फिरेल. नायिका चेटकीण. मंत्र म्हटला की तिची एक आठवण कायमची पुसली जाते. कुठली, ते तिच्या हातात नाही. नायक तिच्यावर पाळत ठेवायला नेमलेला शिपाई. चारशे पानं दोघं एका छपराखाली राहतात, भांडतात, एकाच तांब्यातलं पाणी पितात, पण बोटाला बोट लागत नाही. 418व्या पानावर तो तिच्या बोटात रुतलेलं कुसळ काढतो. एवढंच! ते पान मी ठाण्याहून सुटलेल्या पनवेल लोकलमध्ये तीनदा वाचलं. मान वर केली तेव्हा बेलापूर आलं होतं.

हल्ली याला सगळे स्लो-बर्न म्हणतात. जोडीला काळी जादू असलेलं असं काही तुम्ही वाचलंत का? कुठे बसून? आणि जादूची किंमत पटली का? मोकळेपणाने लिहा. शेवट मात्र फोडू नका.

ऐरोलीची
मी शेवट आधी वाचते. दोघं जिवंत आहेत एवढं कळलं की सहाशे पानं निवांत. घाला शिव्या.

घोडबंदर रोडवाला
मी वाचत नाही, ऐकतो. गायमुखच्या घाटात गाडी अडकली की दुसरं करणार काय? परवा अख्खं प्रकरण संपलं आणि गाडी जेमतेम दोन ट्रक पुढे सरकली होती. माझा राग वेगळाच आहे. प्रेम सावकाश होऊ दे, पण अडथळा खरा हवा. माझ्या कादंबरीतला मांत्रिक तिच्यापासून दूर पळतो, कारण त्याला वाटतं तिनेच चिठ्ठी लिहिली. अरे बाबा, विचार की एकदा! एका वाक्यात मिटणारं भांडण 200 पानं ताणलं की त्याला मंद आच म्हणत नाहीत, गॅस संपलाय म्हणतात. शापच असा असता, की तिला स्पर्श केला तर तिचाच जीव जाईल, तर मी घाटात आणखी दोन तास बसलो असतो.

वाशीची, रात्रपाळी
मी नर्स आहे. तीन ते पाच वॉर्ड शांत असला तर फोनवर वाचते. रोमान्सबद्दल तक्रार नाही. पण मंत्र म्हणायचा की तळहात चिरायचा, ही या मंडळींची काय हौस? तळहातात बोटं हलवणारे स्नायुबंध असतात, संवेदनांच्या नसा असतात, आणि मूठ वळली की जखम पुन्हा उघडते. आमची नायिका दुसऱ्या दिवशी त्याच हाताने तलवार चालवते! रक्तच हवं तर दंडावर छोटा छेद घे ना बाई. एका कादंबरीत मात्र तो रोज तिची पट्टी बदलतो. चिकटलेलं कापड आधी पाण्याने भिजवतो, मग हळूहळू सोडवतो. ते वाचताना माझा चहा निवला. हे लिहिणाऱ्या बाईने खरोखर कुणाची तरी पट्टी बदललेली असणार.

नौपाड्यातली
आमच्याकडची गंमत ऐका. बाबा अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातले. 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तेव्हा आमच्याकडे गल्लीत पेढे वाटले होते. त्या घरात मी कवटीचं चित्र असलेलं पुस्तक आणलं. बाबांनी ते उचललं आणि पेन्सिल घेऊन बसले. गाय मेली म्हणून गावकरी चेटकिणीच्या दारात जमतात, तिथे समासात त्यांनी लिहिलं, "हे असंच होतं." मग मला म्हणाले, "पुस्तकात जादू चालते, म्हणून तिच्याकडे निदान बचाव तरी आहे. आपण ज्यांना भेटलो त्या बायकांकडे काहीच नव्हतं." पुढचं संपूर्ण प्रकरण मी वेगळ्याच नजरेने वाचलं.

त्यांचा दुसरा आक्षेप: "हे दोघं एकमेकांना सरळ विचारत का नाहीत?" त्यावर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुम्ही विचारलं होतंत? दोन वर्षं पुस्तक बदलायच्या निमित्ताने ग्रंथसंग्रहालयात येत होतात. मी परत केलेलं पुस्तकच न्यायचात." हे आपलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, 1893 सालचं. बाबा पेन्सिलीला टोक काढायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

कोपरखैरणे गावातला
आम्ही आगरी. खाडीकाठच्या भुताखेतांवर वाढलो. आजीच्या गोष्टीत कुणी राजबिंडा मांत्रिक नसायचा. त्याच्या अंगाला कायम जळक्या केसांचा वास यायचा, आणि तो दिसला तर "मागं वलून बगू नुको" एवढीच सूचना. म्हणून 'डार्क मॅजिक' वाचताना मला काळा झगा, चांदीची अंगठी वगैरे दिसतं. तेच 'करणी' म्हटलं की तिठ्यावरचा लिंबू आणि टाचणी टोचलेली बाहुली. करणी करणाऱ्याच्या प्रेमात कोण पडेल? कुणीतरी मराठीत लिहून दाखवा. तो जळक्या केसांचा वास तसाच ठेवून.

घोडबंदर रोडवाला
@वाशी, दंडावरचा छेद मान्य. @कोपरखैरणे, तुम्हीच लिहा की.

कोपरखैरणे गावातला
तीन पानं झालीत. अजून दोघांची भेटच झालेली नाही.

ऐरोलीची
शेवट लिहिला असेल तर आधी तो पाठवा.

नौपाड्यातली
@नेरूळ, आईबाबांची पैज लागली आहे. 418व्या पानावर त्याने कुसळ सुईने काढलं की नखांनी?

नेरूळची
दातांनी.