पार्नेल घराण्यातला खरा पुढारी चार्ल्स नव्हे, अ‍ॅना

सातबारा
आयर्लंडच्या कुळांच्या लढ्याचा विषय निघाला की चार्ल्स स्टुअर्ट पार्नेलची आरती सुरू होते. विकलो परगण्यातल्या अ‍ॅव्हनडेलचा प्रॉटेस्टंट जमीनदार, १८७५ मध्ये खासदार, १८७९ मध्ये लँड लीग या कुळांच्या संघटनेचा अध्यक्ष. स्वतः खंड घेणारा माणूस कुळांच्या बाजूने उभा राहिला, याचं कौतुक मलाही आहे. पण जरा घरात डोकावा.

१८५९ मध्ये वडील वारले. तेरा वर्षांच्या चार्ल्सला अ‍ॅव्हनडेल मिळालं, भाऊ जॉनला आर्माकडची जमीन, मुलींना वर्षाची बेताची नेमणूक. त्या मुलींपैकी एक अ‍ॅना. जानेवारी १८८१ मध्ये तिने लेडीज लँड लीग उभी केली. कल्पना लँड लीगचा संस्थापक डेव्हिट याची, लोक हसतील म्हणून चार्ल्स नाराजच होता. ऑक्टोबरात तो आणि बाकीचे पुढारी किल्मेनहॅमच्या तुरुंगात गेले, तेव्हा हीच बायकांची संघटना गावोगाव फिरली. बेदखल झालेल्यांना पैसे पोचवले, राहायला लाकडी खोपटी उभारली. आर्चबिशपने जाहीर निषेध केला, काहीजणी तुरुंगात गेल्या. मे १८८२ मध्ये भाऊ ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टनशी तडजोड करून सुटला आणि सुटल्यावर त्याने काय केलं? संघटना बंद करा, तरच तुमचं कर्ज फेडतो, ही अट घातली. अ‍ॅना त्याच्याशी पुन्हा कधी बोलली नाही. मला तिचंच पटतं.

खडूस_आजोबा
सातबारा, ताटात काय पडलं ते बघा की. तुरुंगातून निघालेल्या 'खंड देऊ नका' या जाहीरनाम्यावर किती कुळं टिकली? बहुतेकांनी निमूट खंड भरला. थकबाकीत बुडालेल्यांना रास्त खंड ठरवून देणाऱ्या १८८१ च्या जमीन कायद्याचा फायदाच मिळत नव्हता. तुम्ही जिला तडजोड म्हणून नाक मुरडताय, तिच्यातूनच कुळांचा थकलेला खंड मिटवणारा थकबाकीचा कायदा आला. तत्त्वासाठी पोरंबाळं घेऊन पावसात बसायची वेळ कुळांवर येणार होती, अ‍ॅनाबाईंवर नव्हे.

सातबारा
आजोबा, अ‍ॅनाची तक्रार नेमकी तीच होती. संगीन दिसेपर्यंत ताठ राहायचं आणि दिसली की खंड मोजायचा, याला ती लढा म्हणायलाच तयार नव्हती. आणि 'पोरंबाळं' म्हणताय, तर त्यांच्यासाठी खोपटी बांधणारी कोण होती?

मीठभाकर
एनिस गावातलं चार्ल्सचं भाषण विसरू नका राव. १९ सप्टेंबर १८८०. बेदखल झालेल्याची जमीन जो घेईल त्याला महारोग्यासारखा एकटा पाडा, असं चार्ल्स म्हणाला. काही दिवसांतच मेयोमधल्या लॉर्ड अर्नच्या कारभाऱ्यावर प्रयोग झाला. नोकर गेले, मजूर गेले. पीक काढायला अल्स्टरहून पन्नास माणसं आणली, त्यांच्या राखणीला सैन्य. पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च! कारभाऱ्याचं नाव कॅप्टन बॉयकॉट. १९०५ च्या स्वदेशीत आपण जो शब्द उचलला, तो हाच. १९१६ ची टिळकांची होमरूल लीगसुद्धा नाव तिकडूनच घेऊन आली.

खडूस_आजोबा
बरोबर. जमीनदारानेच जमीनदारांच्या कारभाऱ्यांची झोप उडवली, यापेक्षा आणखी काय करायचं माणसाने?

रानजाई
एक राहिलंच. १८८३ मध्ये अ‍ॅव्हनडेल गहाण होतं, म्हणून लोकांनी त्याच्यासाठी वर्गणी काढली. पोपने निषेध केला, तर वर्गणी उलट वाढली! ३७ हजार पौंडांच्या वर गेली. ज्या कुळांना खंड परवडत नव्हता त्यांचेही पैसे त्यात होते. म्हणजे शेवटी जमीनदाराचं कर्ज कुळांनीच फेडलं की. सातबारांनी हा मुद्दा सोडला कसा?

मीठभाकर
खुशीने दिलेली वर्गणी आणि खंड एका पारड्यात नका घालू, ताई.

आणि त्याला बुडवलं कुणी? कॅप्टन ओ'शे याला बायकोचं, कॅथरीनचं, चार्ल्सशी असलेलं प्रकरण कित्येक वर्षं ठाऊक होतं. तिच्या म्हाताऱ्या मावशीच्या इस्टेटीवर डोळा ठेवून गडी गप्प बसला. १८८९ मध्ये मावशी गेली, वाटा हातात येईना, त्याच डिसेंबरात घटस्फोटाचा दावा! वर्षभरात चार्ल्सचा आयरिश पक्ष फुटला. जून १८९१ मध्ये चार्ल्स आणि कॅथरीनचं लग्न झालं, ६ ऑक्टोबरला तो गेला. वय ४५.

रानजाई
ओ'शे लबाड होताच. पण पक्ष फुटला तो पार्नेल खुर्ची सोडेना म्हणूनही. चार महिने बाजूला बसला असता तर?

सातबारा
बाजूला बसणं त्याने बहिणीला सांगितलं, स्वतःला नाही. डब्लिनच्या ग्लासनेव्हिन दफनभूमीत त्याच्या दफनाला माणसांचा पूर लोटला होता. अ‍ॅना १९११ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर, इल्फ्राकूमला पोहताना बुडाली. तिथे ती खोट्या नावाने राहत होती.

खडूस_आजोबा
वाईट झालं, मान्य. पण त्याने थकबाकीच्या कायद्याचं उत्तर मिळत नाही.