एकेरी वाहतूक सुरू झाल्यापासून चौक ओलांडणं अवघड झालंय, निवेदनात नेमकं काय मागायचं?

पायवाट

चौकातला मोठा रस्ता एकेरी केला आहे. मधला दुभाजक काढून चारही लेन एकाच दिशेला सोडल्या. फुटपाथच्या कडेपासून कडेपर्यंत रस्ता 18 मीटर. सिग्नलचं चक्र, म्हणजे सगळ्या बाजूंची एक फेरी, 90 सेकंदांवरून 150 वर नेलं आणि पादचाऱ्यांचा हिरवा, लुकलुकणारा धरून, 14 सेकंद ठेवला. कोपऱ्यावर मोठी गोलाई देऊन फ्री लेफ्ट, म्हणजे सिग्नलसाठी न थांबता डावीकडे वळायची मुभा, दिलाय. म्हातारी माणसं मध्येच अडकतात, तरुण मंडळी लाल असतानाच धावत सुटतात. निवेदन द्यायचं ठरलंय. नुसतं "चौक सुरक्षित करा" लिहिलं तर त्यातून काही निघणार नाही, म्हणून आकड्यांत सांगा. स्पीडब्रेकर मागावा, की पादचारी पूल?

लाल_पिवळा

दोन्ही नको. पहिली मागणी सेकंदांची.

हिशोब असा. पादचाऱ्यांच्या वेळेचे दोन भाग असतात. स्थिर हिरवा म्हणजे रस्त्यावर पाय टाकायची मुभा, हा साधारण 7 सेकंद हवा. गर्दीत मागच्या रांगेतल्यांना उतरायलाच तेवढा वेळ लागतो. लुकलुकणारा हिरवा म्हणजे जो उतरलाय त्याला पलीकडे पोहोचायला वेळ. धडधाकट माणसाचा वेग सेकंदाला 1.2 मीटर धरतात, म्हणजे 18 मीटरला 15 सेकंद. काठी टेकत चालणाऱ्यासाठी 0.9 धरा, मग 20 सेकंद होतात. एकूण 27. तुमच्याकडे 14 आहेत, म्हणजे हिरवा लागताच उतरलेला धडधाकट माणूसही चालत पूर्ण पोहोचत नाही. निवेदनात हे एकच वाक्य सगळ्यात वर टाका.

दुसरी मागणी चक्र पुन्हा 90 करण्याची. दर वेळी दिशा बदलताना पिवळा, चारही बाजू लाल आणि गाड्या निघायला लागणारा वेळ मिळून चार-पाच सेकंद वाया जातात. चक्र लांबवलं की हे बदल कमी होतात, म्हणून ते लांबवतात. पण दोन टप्प्यांच्या, म्हणजे दोन रस्ते आळीपाळीने सुटणाऱ्या, चौकात चक्रामागे 10 सेकंद वाया गेले असं धरलं, तर 90 च्या चक्रात 11 टक्के वेळ जातो आणि 150 च्या चक्रात सुमारे 7. गाड्यांना मिळाले चार-साडेचार टक्के. पादचाऱ्याला मात्र तासात 40 ऐवजी 24 संधी उरल्या आणि स्थिर हिरवा नुकता हुकला तर जवळजवळ अडीच मिनिटं उभं राहणं आलं. अर्ध्या मिनिटाच्या वर थांबावं लागलं की लोक लालमध्ये उतरायला लागतात, हे जगभरच्या सिग्नल-आखणीत गृहीत धरतात. तिथे दंड लावून उपयोग नाही, वेळ बदलावी लागते.

आणखी एक. आडव्या रस्त्यावरून उजवीकडे वळून या एकेरी रस्त्यात शिरणाऱ्या गाड्या पादचाऱ्यांच्या हिरव्यातच सुटत असतील, तर पादचाऱ्यांचा हिरवा गाड्यांच्या 5 सेकंद आधी लावायला सांगा. तेवढ्यात माणूस पाच-सहा मीटर पुढे, चालकाच्या थेट नजरेसमोर आलेला असतो. यासाठी खोदकाम लागत नाही, सिग्नलच्या पेटीत वेळा बदलल्या की काम होतं.

कोपरा_गोलाई

सेकंदांचं बरोबर आहे, पण मला त्या फ्री लेफ्टची जास्त धास्ती वाटते. तिथे माणूस सिग्नलच्या हिशोबातच नाही.

चालक त्या गोलाईत शिरतो तेव्हा मान उजवीकडे वळवून मुख्य रस्त्यावरच्या गाड्यांमधली फट शोधत असतो. माणूस उतरतो डावीकडच्या फुटपाथवरून. फट दिसली की चालक पुढे बघायच्या आधीच गाडी काढतो. त्यात गाडीच्या पुढच्या काचेशेजारचा खांब वळताना नेमका माणसाला झाकतो. गोलाई जितकी मोठी तितका हा खेळ वेगात होतो: 25 मीटर त्रिज्येवर गाडी तिशीच्या वेगाने आरामात वळते, 6 मीटरवर पंधराच्या आसपास यावंच लागतं.

सगळ्यात उत्तम म्हणजे फ्री लेफ्ट बंद करून ते वळण सिग्नलवर आणणं. ते मान्य होत नसेल तर गोलाई आवळून घ्या. आधी रंगाचे पट्टे आणि वाकणारे प्लास्टिकचे खांब लावून महिनाभर चाचणी घ्यायला सांगा, काँक्रीट नंतर. चाचणीत बस आणि लांब ट्रक मुद्दाम वळवून बघावेत. त्यांची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आत कापतात आणि फुटपाथच्या टोकावर उभ्या माणसाच्या पायाशी येतात. तिथे चाक चढू शकेल असा बुटका खडबडीत भाग ठेवतात आणि माणसांची उभं राहायची जागा त्याच्या मागे घेतात.

झेब्रा कुठे आहे तेही बघा. तो वळणाच्या शेवटी असेल तर फट शोधत थांबलेली गाडी त्याच्यावरच उभी राहते. एका गाडीची लांबी, म्हणजे 5-6 मीटर, मागे घ्यायचा. स्पीडब्रेकरचं विचारलंत, तर तो याच जागी फुटपाथच्या उंचीला आणलेला सपाट क्रॉसिंग म्हणून मागा, साधारण 10 सेंटिमीटर उंच. सिग्नलच्या मुख्य लेनमध्ये नको.

सरळरेषा

पादचारी पूल एवढा वाईट नाही हो. गाड्यांशी संबंधच येत नाही. शिवाय खाली कठडा लावला की लोक आपोआप पुलावरून जातील.

लाल_पिवळा

@सरळरेषा, खालून उंच गाड्या जायला साडेपाच मीटर मोकळी जागा आणि पुलाची जाडी धरून चालायची पातळी सहा मीटरवर जाते. पायरी 15 सेंटिमीटरची, म्हणजे 40 पायऱ्या वर, 40 खाली. चाकाच्या खुर्चीसाठी 1:12 उतार दिला तर एका बाजूला 72 मीटर, मधले थांबे वेगळे. आणि हे सगळं 18 मीटरच्या रस्त्यासाठी. लिफ्ट बंद पडली की ज्यांना सगळ्यात गरज तेच अडकतात. कठड्याचं म्हणाल तर फट सापडेल तिथून लोक शिरतात, आणि समोरचा कठडा सलग असेल तर गाड्यांच्या बाजूलाच कोंडले जातात. वेगवान महामार्गावर पूल ठीक, सिग्नलच्या चौकात नाही.

पांढरे_पट्टे

अंतरच कमी करा, सेकंद आपोआप वाचतील. कडेला पार्किंग असेल तर झेब्र्याजवळ फुटपाथ दोन्ही बाजूंनी 2-2 मीटर पुढे काढता येतो. 18 चे 14 झाले की हळू चालणाऱ्याचे चार सेकंद वाचतात आणि पार्क केलेल्या गाड्यांआडून डोकावत रस्त्यात यावं लागत नाही. मात्र पावसाचं पाणी कडेच्या उतारानेच वाहतं. पुढे काढलेला भाग ते अडवतो आणि डबकं बरोबर झेब्र्यासमोर साचतं. जाळीचं चेंबर चढाच्या बाजूला, त्या भागाच्या आधी हवं. हे नकाशात दाखवलंय का ते सही होण्याआधी बघून घ्या.

जुने पट्टे कसे पुसलेत? काळा रंग फासला असेल तर रात्री ओल्या रस्त्यावर तोही चमकतो आणि चालकाला दोन-दोन लेन दिसतात. यंत्राने खरवडून काढायला लावा.

एकेरी झाल्यावर वेगही मोजा. 50 च्या वेगाने येणारी गाडी, चालकाचा एक सेकंद धरून, कोरड्या रस्त्यावर थांबायला 28 मीटर घेते. 30 ने येणारी 13. दुभाजक गेल्यावर रिकाम्या वेळी गाड्या बेफाम सुटतात, म्हणून मोजणी गर्दी ओसरल्यावरही करा.

पायवाट

मोजणी आम्हीच केली तर चालेल का? आणि अंध व्यक्तींसाठी काय लिहू?

कोपरा_गोलाई

चालेल, फक्त पद्धत एक ठेवा. वरच्या मजल्यावरून मोबाइलने चित्रण, पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे: सकाळची गर्दी, दुपार, रात्र, जमलं तर पाऊस. प्रत्येक तुकड्यात तीन गोष्टी मोजायच्या. किती जणांना मध्येच थांबावं किंवा मागे यावं लागलं, किती गाड्यांना करकचून ब्रेक लावावा लागला, आणि माणूस एका जागेवरून हलल्यावर दीड सेकंदाच्या आत गाडी त्याच जागी आली असं किती वेळा झालं. ही तिसरी नोंद सगळ्यात वजनदार. अपघात क्वचित नोंदले जातात, हे प्रसंग थोड्या चित्रणातही मोजता येतात.

अंधांसाठी आवाज देणारा सिग्नल, पण दोन झेब्रे एकाच कोपऱ्यावर उतरत असतील तर दोघांचे खांब एकमेकांपासून किमान 3 मीटर दूर हवेत, नाहीतर आवाज कोणत्या बाजूचा ते कळत नाही. उंचवट्याच्या फरशा फुटपाथच्या उताराच्या टोकाशी, झेब्र्याच्या दिशेला काटकोनात. कोपऱ्याच्या गोलाईला समांतर बसवल्या तर त्या माणसाला चौकाच्या मध्याकडे नेतात.