कोरोनात गळ्यात घातलेला टॅग अजून का उतरला नाही?

चाकणचा फिटर: २०२० च्या लॉकडाऊननंतर कंपनी चालू झाली तेव्हा थंबची (अंगठ्याची) हजेरी बंद करून चेहऱ्याची हजेरी आली आणि गळ्यात ब्लूटूथचा टॅग, कोण कोणाच्या जवळ उभा होता ते कळायला. तेव्हा कोणी नाही म्हटलं नाही, जिवाची भीती होती. आता पॉझिटिव्ह कोणी शोधत नाही पण टॅग आहेच, फक्त आता सुपरवायझर विचारतो संडासात बारा मिनिटं काय करत होतास.

मेंटेनन्सवाला: सगळंच वाईट कसं रे? त्याच काळात मशीनला सेन्सर लागले, बेअरिंग जायच्या आधी मोबाईलवर कळतं, नाहीतर रात्री तीनला फोन यायचा अन् पळत सुटायचो. आणि थंबचं एवढं काय प्रेम, घासलेली बोटं ते मशीन घ्यायचंच नाही, गेटवर ही लाईन आणि वर लेटमार्क.

चाकणचा फिटर: तू मशीनचं बोलतोय भावा. बेअरिंगला संडासला जावं लागत नाही.

एचआरवाली: दुसरी बाजू पण बघा. ओव्हरटाइम कायद्याने डबल आहे, नोव्हेंबर २०२५ पर्यंत फॅक्टरी ॲक्टच्या कलम ५९ ने होता, पण वहीवर हजेरी होती तेव्हा त्यातले तास कुठे जायचे सगळ्यांना माहितीये. आता मिनिटाचा रेकॉर्ड आहे, कोणी खाऊ शकत नाही.

ठेकेदाराचा माणूस: ताई तो रेकॉर्ड तुमच्या कॉम्प्युटरमध्ये, आम्हाला कधी दाखवला? दोन मिनिटं लेट झालं की लगेच मेसेज येतो, ओव्हरटाइमचं विचारलं की ठेकेदाराला विचार म्हणतात आणि जास्त बोललं तर उद्या गेटवर कार्ड चालत नाही.

भोसरीकर: सरकारचं कोरोनाचं ॲप आरोग्य सेतू आठवतंय का, १ मे २०२० ला खासगी नोकरीवाल्यांनाही सक्तीचं केलं आणि १७ मे च्या ऑर्डरमध्ये सरकारनेच ढिलं केलं. कंपन्यांना एवढी वर्षं सुचेना. २०२३ च्या डेटा कायद्याकडून पण आशा नको, कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवाय माहिती वापरायची सोय आहे. युनियनने पुढच्या करारात घालावं, टॅगची माहिती शिक्षेसाठी वापरायची नाही आणि प्रत्येकाला आपापले तास दिसले पाहिजेत.

एचआरवाली: तास दाखवायला माझी काही हरकत नाही, पण टॅग काढता येणार नाही, आग लागली तर आत किती माणसं आहेत ते त्यावरच कळतं.

ठेकेदाराचा माणूस: मग संडासाच्या दारावर रीडर कशाला लावलाय? आणि करार परमनंटचा होतो दादा, आमची सही कुठे असते त्यात.