नदीवर गळ टाकायला सुरुवात कशी केलीत? अनुभव लिहा

गेल्या दिवाळीत हौस आली आणि ऑनलाइन कॉम्बो मागवला, बारा फुटी रॉड, ६००० साइजचं रील, डबीभर गळ, सगळं मिळून साडेचार हजार गेले. हे प्रकरण समुद्रावर लांब फेकायचं असतं हे मला नीरेच्या काठावर रॉड बाभळीत अडकल्यावर कळलं. तीन रविवार गेलो, मासा शून्य. आणि शेजारी एक शाळकरी पोरगं साध्या काठीला तंगूस (नायलॉनचा दोरा) बांधून चिलापीमागं चिलापी काढतंय, वर मधूनच विचारतंय, "काका, लागलं का काय?" तर मंडळी, काय घेतलंत, काय घेऊन पस्तावलात ते लिहा.

—

दादा, बारा फुटी रॉड नदीला जडच, पण तुमची खरी चूक गळात आहे. कॉम्बोतले गळ मोठे असतात, चिलापीचं तोंड केवढंसं, ती आमिष कुरतडून जाते आणि तुम्हाला वाटतं मासाच नाही. नंबर उलटा चालतो बघा, १० नंबर बारीक, ४ नंबर मोठा, आणि १/० च्या पुढं परत वाढत जातो. चिलापीला ८ नाहीतर १० घ्या.
आम्ही सांगलीकडचे, कृष्णाकाठचे. वेळूची काठी, काठीएवढंच तंगूस आणि तरंगायला मोराच्या पिसाची दांडी, झालं सामान. पीस आडवं पडून राहिलं की समजायचं तंगुसाला दाबून बसवलेलं शिशाचं वजन तळाला टेकलंय, मग पीस गळाच्या बाजूला सरकवून खोली कमी करायची, पीस उभं राहीपर्यंत. रोहूला कणकेत शेंगपेंड मळून गोळी, वामेला गांडूळ, तेही तिन्हीसांजेला दगडांच्या कपारीत. शिसं मात्र आम्ही दातानं दाबायचो तसं दाबू नका, विषारी असतं, पक्कड न्या.

—

+१ गळाबद्दल. रीलच हवं असेल तर सात फुटी मीडियम रॉड, २५०० किंवा ३००० चं रील आणि ०.३० मिमी मोनो (एकपदरी नायलॉनचं तंगूस), नवख्याला भरपूर झालं. ब्रेडेड (विणलेली) लाइन आत्ताच घेऊ नका, गुंता झाला तर कात्रीच लागते. स्पूल (रीलची लाइन गुंडाळायची चकरी) काठोकाठ भरायचा नाही, दोनेक मिलिमीटर कड सोडायची, मी गच्च भरला होता आणि पहिल्याच फेकीत वेटोळी बाहेर, अर्धा तास सोडवत बसलो. गाठ ओढायच्या आधी थुंकी लावा, कोरडी ओढली की घासून तंगूस तिथंच कमजोर होतं. आणि ड्रॅग, म्हणजे मासा ओढायला लागला की लाइन किती जोरावर सुटेल ते ठरवणारा रीलचा ब्रेक! माझा पूर्ण आवळलेला होता, चांगला हातभर रोहू लागला, एक हिसडा, तटकन तुटलं. आता ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशावर ठेवते. (हो, बाई आहे मी. काठावर रोज एकजण तरी विचारतो की मिस्टर कुठायत.)

—

आमच्याकडे मालवणात याला गरवणं म्हणतात. आजोबांबरोबर खाडीत जायचो, काठीबिठी काही नाही, हातदोरीच, बोटावर धरून. आमिषाला सुंगटं, म्हणजे कोळंबी. पाणी भरायला लागलं की बसायचं, म्हणजे घड्याळाआधी भरती-ओहोटी बघायची. बोटाला जे कळतं ते रॉडला कळत नाही असं माझं मत, भांडायला तयार आहे.

—

इंग्लंडात रीडिंगला असतो, थेम्सवर शिकलो. इथं वयाच्या तेराव्या वर्षापासून पुढं रॉड लायसन्स लागतं, शिवाय तो काठ ज्याच्या ताब्यात त्याची परवानगी वेगळी, आणि १५ मार्च ते १५ जून नद्यांवर गळ बंद, विणीचा काळ म्हणून. पहिल्यांदा वैताग आला होता, पण आपल्याकडं चढणीचे मासे पोटात गाभोळी घेऊन ओढ्यात शिरतात तेव्हाच लोक पोती भरतात ते आठवलं आणि गप्प बसलो. इथं मी टोकामागचा उलटा काटा पक्कडीनं दाबून गुळगुळीत केलेला गळ वापरतो, मासा पटकन सुटतो आणि स्वतःच्या बोटात घुसला तरी निघतो. दोनदा घुसलाय.

—

सामानाचं सगळ्यांनी लिहिलं, पाण्याचं कोणीच नाही. धरणाखाली बसत असाल तर पाणी सोडायचा भोंगा वाजला की सामान सोडून वर या. मी रॉड गोळा करत बसलो तेवढ्यात मधल्या खडकावर अडकलो, दोन तास. आणि कार्बनचा रॉड विजेच्या तारांखाली उभा धरू नका, त्यातून करंट येतो. खडस (महसीर मासा) लागला तर कृपया सोडा, तो आता सगळीकडं सापडत नाही. महाडजवळ वाळणकोंडीत लोक त्याला देवाचा मासा म्हणून चुरमुरे घालतात, तिथं तर गळ काढायचाच नाही.

—

धागाकर्ता परत. १० नंबरचे गळ आणले, बारा फुटी माळ्यावर टाकला, दहा फुटी वेळू साठ रुपयांत मिळाला. काल दोन चिलाप्या, तळहाताएवढ्या. पोरगं म्हणालं, "काका, जमतंय की." आता शहरात गांडुळं कुठं मिळतील ते सांगा, बायको कुंड्या उकरू देत नाहीये.

—

गोठ्यामागं शेणाच्या जुन्या ढिगाखाली बघा. डब्यात ओली माती घाला, झाकणाला भोकं पाडा, आणि फ्रीजमध्ये ठेवू नका, मी ठेवली होती.