फायनलचा तो गोल आणि व्हीएआर

मीनल (बी-३०४): [व्हिडिओ] हा बघा सगळ्यांनी, कालच्या आपल्या बी-डी विंग फुटबॉल फायनलचा. आमच्या गॅलरीतून काढलाय. बॉल लाइनच्या आत गेलेलाच नाही, अथर्वने अडवलाय. गोल दिला कसा?

ओंकार (डी-३०२): वहिनी, कप वाटून झाला, वडापाव संपले. आता काय 😄

मीनल (बी-३०४): तू डी विंगचा, तू बोलूच नकोस.

कुलकर्णी काका (ए-२०३): क्रिकेटमध्ये थर्ड अंपायरने दोन मिनिटांत निकाल लावला असता. फुटबॉलवाल्यांना हे अजून जमलेले नाही का?

सायली (डी-७०१): जमलंय काका. २०१८ मध्ये व्हीएआर, म्हणजे वेगळ्या खोलीत बसून व्हिडिओ तपासणारे रेफ्री, नियमांत आलं आणि त्याच वर्षी रशियातल्या वर्ल्ड कपला वापरलं. मीनलताई, मी डी विंगची आहे तरी बोलते. तुमचा व्हिडिओ वरून आणि बाजूने आहे. तिरक्या कोनातून काहीच सिद्ध होत नाही. २०२२ च्या कतार वर्ल्ड कपमधली जपान-स्पेन मॅच आठवा. मितोमाने गोललाइनवरून बॉल मागे ओढला आणि तनाकाने गोल केला. टीव्हीवर बॉल सरळसरळ बाहेर दिसत होता, माझे बाबा तर सोफ्यावरून उठून ओरडले. बरोबर रेषेच्या वरून पाहिलं तर बॉलची फुगलेली कड रेषेवर होती, दोन मिलिमीटरपेक्षाही कमी. बॉल जमिनीला कुठे टेकलाय ते बघायचंच नसतं, अख्खा बॉल रेषेपलीकडे गेला पाहिजे. तो गोल धरला गेला आणि त्याच गटातली जर्मनी घरी गेली.

मीनल (बी-३०४): म्हणजे माझा व्हिडिओ बाद?

सायली (डी-७०१): बाद नाही, अपुरा. रेफ्री चुकले असतील किंवा नसतील, यावरून कळत नाही.

रणजितदादा (बी-५०४): दोन मिलिमीटरचं सोडा हो. दोहाला बॉल चांगला वीतभर बाहेर होता, तेव्हा कुठं गेलं होतं तुमचं व्हीएआर? ११ जून २०२४. आपला कॅप्टन सुनील छेत्री पाचच दिवस आधी भारताच्या टीममधून निवृत्त झालेला. कतारच्या घरात आपण १-० पुढं, आपल्या मुंबई सिटीच्या छांगतेचा गोल. ७३व्या मिनिटाला बॉल गोललाइनच्या बाहेर गेला, गोलकीपर गुरप्रीतसकट आपली पोरं थांबली, आता कॉर्नर मिळणार म्हणून. कतारच्या एकानं बॉल पायानं आत ओढला, दुसऱ्यानं जाळीत मारला. रेफ्रीनं गोल दिला! पोरं मागं लागली, हात जोडले, काही उपयोग नाही. २-१ हरलो. जिंकलो असतो तर वर्ल्ड कप पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत पहिल्यांदा गेलो असतो. त्या फेरीत व्हीएआर ठेवलंच नव्हतं.

रणजितदादा (बी-५०४): इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये नखाएवढ्या ऑफसाइडसाठी पाच मिनिटं रेषा मारत बसतात. आणि जिथं एका देशाची चार वर्षं पणाला लागतात तिथं साधा रिप्ले बघायची सोय नाही. ह्याचा राग आहे मला.

फर्नांडिस अंकल (सी-१०१): खरं बोललास रे बाबा. मी त्या रात्री टीव्ही बंद केला तो दुसऱ्या दिवशीच लावला. मडगावचा माझा भाऊ अजून त्या रेफ्रीला शिव्या देतो.

ओंकार (डी-३०२): दादा, दोहाचं मान्य. पण मशीन आलं की न्याय आला, असं नाही ना. १७ जून २०२०, प्रीमियर लीग, ॲस्टन व्हिला-शेफील्ड युनायटेड. लॉकडाऊननंतरची पहिलीच मॅच, स्टेडियम रिकामं. फ्री किक आली आणि व्हिलाचा गोलकीपर बॉल छातीशी धरून स्वतःच गोलच्या आत गेला. तिथे बॉल रेषेपलीकडे गेला की कॅमेऱ्यांवरून रेफ्रीच्या घड्याळात इशारा येतो, पण काहीच वाजलं नाही. सात कॅमेरे होते आणि खेळाडू, गोलकीपर, खांब यांच्यामुळे सगळ्यांचीच नजर झाकली गेली. ते मशीन चालवणाऱ्या कंपनीने माफी मागितली. व्हीएआरची माणसंही गप्प राहिली. मॅच ०-० झाली आणि व्हिला त्या सीझनला एका गुणाने वाचली.

कुलकर्णी काका (ए-२०३): सात कॅमेरे आणि एकालाही दिसले नाही? कमाल आहे.

जोशी काकू, सेक्रेटरी (बी-१०२): 🙏 हा ग्रुप पाणी, लिफ्ट आणि पार्किंगसाठी आहे. कृपया भान ठेवावे.

सायली (डी-७०१): काकू, पाचच मिनिटं. मी लिव्हरपूलवाली, माझं दुखणं वेगळं आहे. ३० सप्टेंबर २०२३, टॉटनहॅमच्या मैदानावर. ०-० असताना लुईस डियाझने गोल मारला, लाइन्समनने ऑफसाइड दिला. खोलीत बसलेल्यांनी रेषा मारून तपासलं. डियाझ अजिबात ऑफसाइड नव्हता. म्हणजे तंत्रज्ञानाने काम चोख केलं. घोळ पुढे झाला. मैदानावर गोल दिलाय, अशीच त्या लोकांची समजूत होती. म्हणून ते रेफ्रीला म्हणाले, तपासणी झाली. त्यांना म्हणायचं होतं गोल बरोबर. रेफ्रीने ऐकलं ऑफसाइड बरोबर. खेळ सुरू झाला. मग रिप्ले चालवणाऱ्या मुलाने विचारलं, अहो, मैदानावर ऑफसाइड दिलाय, चालेल ना तुम्हाला? तेव्हा खोलीत जी धांदल उडाली! पण खेळ एकदा सुरू झाला की मागे जाता येत नाही, असा नियम. हे सगळं रेकॉर्डिंग नंतर जाहीर केलं, मी ते ऐकलंय. आम्ही ज्यादा वेळेत स्वतःच्याच गोलमध्ये बॉल घालून २-१ हरलो, ते वेगळं.

रणजितदादा (बी-५०४): म्हंजे मशीनला कळलं, माणसांना सांगता आलं नाही.

रणजितदादा (बी-५०४): व्हीएआर म्हंजे आपली मॅनेजिंग कमिटीच की. बंद खोलीत ठरतं, नोटीस नंतर लागते 😂

जोशी काकू, सेक्रेटरी (बी-१०२): रणजित, इतिवृत्त ऑफिसात ठेवलेले असते. येऊन वाचत जा.

ओंकार (डी-३०२): 😂😂 पण माझा मुद्दा हाच आहे. तिकीट काढून आलेल्या माणसालाच काही कळत नाही. गोल झाला, उडी मारायची की थांबायचं? रेफ्री कानाला बोट लावून उभा, साठ हजार लोक त्याच्या तोंडाकडे बघतायत. घरी सोफ्यावर बसलेल्याला सगळे अँगल दिसतात. प्रीमियर लीगच्या वुल्व्ह्ज क्लबने २०२४ मध्ये ठराव मांडला की हे बंदच करा. विरोधात १९ मतं, बाजूने त्यांचं एकच. नॉर्वेत तर प्रेक्षकांनी व्हीएआरच्या निषेधात मैदानात फिशकेक फेकून मॅच बंद पाडली.

फर्नांडिस अंकल (सी-१०१): फिशकेक फेकले? खायचे सोडून?

जोशी काकू, सेक्रेटरी (बी-१०२): मला यातले कळत नाही, पण मैदानातल्या लोकांना माइकवरून सांगायला काय हरकत आहे? जनरल बॉडीत आम्ही सांगतोच ना.

सायली (डी-७०१): काकू, तुम्ही फिफाच्या कमिटीत पाहिजेत. २०२३ च्या महिला वर्ल्ड कपला रेफ्री माइकवरून निर्णय सांगत होत्या. इतकी वर्षं रग्बीत चालतं ते फुटबॉलला सुचायला एवढा वेळ लागला.

कुलकर्णी काका (ए-२०३): माझा मुद्दा राहिलाच. डीआरएसमध्ये कॅप्टन मागतो. चुकला तर रिव्ह्यू गेला. इथे मागतो कोण?

सायली (डी-७०१): कोणीच नाही काका, खोलीतले लोक स्वतःहून बघतात. तेही मुख्यतः गोल, पेनल्टी, थेट रेड कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला कार्ड. आणि मैदानावरची चूक ढळढळीत असेल तरच बदलायचं. ढळढळीत म्हणजे किती, यावरच निम्मी भांडणं. पण तुम्ही म्हणता तसा प्रकार फिफाने २०२४ मध्ये कोलंबियात मुलींच्या अंडर-२० वर्ल्ड कपला करून पाहिला. कोच हवेत बोट गोल फिरवतो आणि चौथ्या रेफ्रीला कार्ड देतो. दोन वेळा मागता येतं, बरोबर निघालं तर संधी शाबूत. वेगळी खोली नाही, मैदानावरचा रेफ्री स्वतः स्क्रीनवर बघतो. कॅमेरे कमी असले तरी चालतं.

रणजितदादा (बी-५०४): हे असलं पाहिजे आपल्याकडं. दोहाला कोचकडं एक कार्ड असतं तर तीस सेकंदांचं काम होतं.

फर्नांडिस अंकल (सी-१०१): पण सगळं कार्डाने नाही सुटत रे. इंडियन सुपर लीगमधला २०२३ चा बेंगळुरू-केरला आठवतो? छेत्रीने फ्री किक घाईत मारली, केरलाची पोरं भिंत लावत होती. बॉल नीट जाळीत गेला. भांडण होतं रेफ्रीने लगेच मारायची परवानगी दिली की नाही याचं. केरलाचा कोच टीम घेऊन निघून गेला. चार कोटी दंड! कॅमेरा काय करणार तिथे?

ओंकार (डी-३०२): आणि रणजितदादा, कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार तालमींच्या मॅचला रेफ्री स्क्रीन बघायला गेला तर?

रणजितदादा (बी-५०४): स्क्रीनभोवती दोन्ही पेठा गोळा होतील भावा. रेफ्रीला जागा राहिली तर बघंल.

देशपांडे सर (सी-४०२): आत्ता मेसेज वाचले. कालचा रेफ्री मी. मी गोललाइनपासून दोन पावलांवर होतो. बॉल आत होता.

मीनल (बी-३०४): सर, अथर्व म्हणतो तुमचा चष्मा खाली पडला होता.

देशपांडे सर (सी-४०२): चष्मा नंतर पडला. गोल आधी.

कुलकर्णी काका (ए-२०३): याचा व्हिडिओ आहे का कोणाकडे?